आगोंगच्या नावावर कारखाना

पेइ-युन तैपेईहून गावी आली ती पोरांना शहाणं करायला. तिच्या कला-प्रकल्पाचं नाव फलकावर दोन ओळींत मावेना. वसाहत, हवामान, स्मृती, सहभाग, सगळं त्यात कोंबलेलं. सहभाग हा शब्द तिचा फार लाडका. मुलंच ठरवतील, मी नुसती सोबतीला, असं ती सगळीकडे सांगायची. आणि मुलांनी काय ठरवायचं ते गाडीतच ठरवून आली होती.

जपानी साहेबाच्या काळातला साखर कारखाना बांबू-कागदाचा करायचा, चांगला दोन पुरुष उंच, आणि पाण्याच्या उपशानं जमीन खचल्यापासून समुद्र ज्या बांधावरून शेतात शिरतो तिथं नेऊन जाळायचा. शाळेतली पोरं महिनाभर कामट्या बांधत होती, खळ लावत होती. सिन-रू नावाची मुलगी तेवढी विचारायची, बाई, जाळायचा कशाला? पेइ-युन म्हणायची, मुक्ती. पोरीनं पुढं विचारायचं सोडून दिलं.

कारखाना झकास पेटला. फोटो असे आले की पेइ-युन स्वतःवरच खूश झाली.

सकाळी तिची आजी, आमा, रताळ्याच्या पेजेला हात लावेना. आगोंग, म्हणजे पेइ-युनचा वारलेला आजोबा, स्वप्नात आला होता म्हणे. खांद्यावर कोयता, अंगभर उसाची कुसळं.

"म्हणाला, कारखाना कुणी गं पाठवला? भोंगा झालाय, निघतो."

पेइ-युनच्या आता लक्षात आलं. मेलेल्याला घर द्यायचं तर कागदाचं घर जाळायचं, गाडी द्यायची तर कागदाची गाडी, हे तिला दुधाच्या दातांपासून ठाऊक. आगोंगसाठी कागदी कोट दर वर्षी तिनंच जाळलेले. आणि परदेशात कला शिकून आलेल्या ह्या विदुषीनं, जन्मभर ऊस तोडलेल्या माणसाला वर काय पाठवावं, तर साखर कारखाना! हात दाखवून अवलक्षण. आधी जपानी, मग त्यांच्यामागून चीनहून आलेले. आगोंगचे मालक बदलले, काटामारी तीच. गावात म्हणच होती, जगात पहिला मूर्ख कोण, तर ऊस लावून कंपनीला मोजायला देणारा.

"त्याला सोडव," आमा म्हणाली. "तोवर मी जेवायची नाही."

पेइ-युननं शाळेत जाऊन सगळं कबूल केलं. पोरं पोट दुखेस्तोवर हसली. मग पेइ-युन नुसती ऐकत बसली, कारण पहिल्यांदाच तिचं काही ठरलेलं नव्हतं. कुणी म्हणे वर संप पाठवू, कुणी म्हणे निदान पंखा तरी.

"बाई, खरेदीखत जाळलंत का?" सिन-रूनं विचारलं. "घराबरोबर जाळतात ना, नाव घालून? बिननावाचा कारखाना कंपनी बळकावणारच."

झालं! पोरांनी कागद कापला, शिक्के कोरले, मालक म्हणून आगोंगचं नाव घातलं. पेइ-युनकडे खळ ढवळायचं काम आलं. खत बांधावर जाळलं.

दुसऱ्या दिवशी आमा जेवली, पण रागानं.

"शिव्या द्यायला ताकद नको? रात्री आला तो पांढरा सूट, डोक्यावर हॅट, ओळख देईना मेला. काट्याचं विचारलं तर म्हणतो, धंद्यात थोडं चालायचंच. पाणी उपसून उपसून तिथलीही जमीन खचवलीन."

पेइ-युननं हेही पोरांना सांगितलं. आता कुणी हसलं नाही.

"एकट्याच्या नावावर केला, तिथंच चुकलं," सिन-रू म्हणाली. मग तिनं फलकाकडे पाहिलं. वर पेइ-युनचं नाव हातभर मोठं, खाली बारीक अक्षरात 'स्थानिक मुलांच्या सहभागाने'. "बाई, कारखाना आम्ही बांधला. काटा तुमच्याकडे."

पेइ-युनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं ब्रश काढून पोरीच्या हातात दिला.

पोरं घरोघर फिरून ऊस तोडणाऱ्या मेलेल्यांची नावं घेऊन आली. कागदाला कागद जोडावा लागला. फलकावरही सगळ्यांची नावं चढली. सगळ्यात खाली, 'खळ: पेइ-युन'.

नवं खत जाळल्यावर सकाळी पेइ-युन आमाच्या दारात उभी राहिली. अंगणात भरतीचं पाणी आलं होतं. आमा पाय वर घेऊन पेज पीत होती, दुसरा वाडगा.

"आला होता?"

"नाही आला," आमा म्हणाली. "सुट्टी असेल."