विस्टफूल

कार्तिकातली सकाळ वेळवंडीच्या किनाऱ्यावर उलटी उगवते. गावाच्या पाठीशी डोंगर. त्यामुळे सूर्य आधी गावाला दिसत नाही, तो दिसतो दूरच्या समुद्राला. क्षितिजावर प्रथम एक सुवर्णरेखा उमटते. मग ती रुंदावते, मग त्या सुवर्णात होड्यांची शिडं न्हाऊन निघतात, आणि किनारा मात्र अजून निळसर, निद्रालस, डोंगराच्या सावलीत पहुडलेला. ऊन समुद्राकडून गावाकडे येतं. सावकाश, संथपदी, पाण्यावरून चालत. माणसांच्या पायाशी पोचायला त्याला चांगलाच वेळ लागतो.

त्या शीतल सावलीत, ओल्या वाळूवरून, दोन म्हातारी माणसं चालत असतात. अच्युतसर पेडणेकर, गावच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. उंच, किंचित वाकलेले, गळ्याला मफलर. आणि त्यांच्या पत्नी भामाबाई. ठेंगण्या, ठसठशीत, चालताना बोलणाऱ्या आणि बोलताना थांबणाऱ्या. ह्या थांबण्यामुळे सरांचं अर्धं आयुष्य वाळूत उभं राहण्यात गेलं, असं सर म्हणतात. तक्रार म्हणून म्हणतात, पण थांबतात.

आणि ह्या चालण्याचा एक नेम आहे. रोज सकाळी सरांनी भामाबाईंना इंग्रजीतला एक शब्द सांगायचा. टेबल-खुर्चीसारखा घरगुती शब्द नव्हे. दुर्मिळ, देखणा, वळणदार शब्द, जो इंग्रजांच्याही जिभेवर सणासुदीलाच येत असेल. वही नाही, पेन्सिल नाही. शब्द सांगायचा आणि लगेच समोरच्या एखाद्या वस्तूला बांधून टाकायचा, म्हणजे सुटत नाही.

तसे किती शब्द बांधले गेले! सुरूच्या बनातून वारा वाहिला, सूक्ष्म, सलील, सळसळता, तेव्हा सर म्हणाले होते, 'सुसरस.' पानांची कुजबूज. भामाबाई दोन पावलं मागे सरल्या होत्या, "सुसर? इथं?" उंडीच्या झाडाखाली ठिपक्याठिपक्यांचं ऊन पडलं होतं, तेव्हा 'डॅपल' आला. "कवडसेच ना ते? मग कवडसे म्हणा की, मेलं!" पण लक्षात ठेवला. खंड्या पक्षी खांबावर ध्यानस्थ आणि समुद्र निस्तरंग, नितळ, नीलकांत, त्या दिवशी 'हॅल्सिअन.' एका दिवाळीत, पणत्या लावण्याच्या घटकेला, नेम मोडून संध्याकाळी 'ग्लोमिंग', तिन्हीसांजेचा उजेड. आणि पौषात पाठीवर ऊन घेत बसल्या असताना 'अॅप्रिसिटी', म्हणजे थंडीतल्या उन्हाची ऊब. तो शब्द ऐकून भामाबाई खूश झाल्या होत्या. एवढ्या थंड देशातल्या माणसांनी उन्हाला लाडाचं नाव ठेवलं, ह्याचं त्यांना फार कौतुक वाटलं होतं.

बरं, शब्द शिकून त्या गप्प बसणाऱ्या नव्हेत. मासळीवालीला सांगायच्या, "आज समुद्र हॅल्सिअन आहे गो, तुझी बोट लवकर येईल." मासळीवालीही मान डोलवायची, "व्हय तर, एकदम हॅल्सान." अशी वेळवंडीत इंग्रजी नांदत होती.

पण ह्या सगळ्या शब्दांचा थोरला भाऊ वेगळाच होता. सर्वांत पहिला शब्द. लग्नानंतरच्या पहिल्याच कार्तिकातला, पहिल्याच फेरीतला. भामाबाई तेव्हा नवी नवरी, घाटावरच्या गडहिंग्लजकडून आलेली, समुद्र कधी न पाहिलेली. नवरा उंच उभा, क्षितिजाकडे डोळे लावून, तोंडातून अक्षर नाही. "काय झालं?" असं तिनं भीत भीत विचारलं. तो तंद्रीत पुटपुटला, "विस्टफुल." तिनं त्याच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं. मधे वाळूवर मर्यादवेल पसरली होती. हिरवी, हट्टी, दूरगामिनी. आणि तिच्यावर पहाटेच उमललेली जांभळी फुलं, नाजूक गळ्यांची, दवानं जड झालेली. शब्दाच्या शेवटी फूल होतं आणि डोळ्यांसमोरही फूल होतं. आता सांगा, दुसरं काय समजायचं?

तिनं एक तोडलं, पुढे धरलं. "हेच ना ते, विस्टफूल?"

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हो."

झालं. तेव्हापासून वेळवंडीत मर्यादवेलीला विस्टफूल म्हणतात. भामाबाईंनी शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं माहेरी नेलं, मुलांनी देवाच्या परडीत घातलं. सरांची बायको म्हणते म्हणजे इंग्रजी पक्कंच असणार, अशी गावाची खात्री. आणि शाळेत एखाद्या धड्यात तो शब्द आलाच, तर सरांना नेमका खोकला यायचा. खोकला थांबेपर्यंत धडा पुढच्या ओळीवर गेलेला असायचा. पिढ्यान् पिढ्या पोरं त्या खोकल्यावरून पुढे सरकली, एकानंही विचारलं नाही.

आणि मग ह्या कार्तिकात ओवी आली.

ओवी म्हणजे कोल्हापूरच्या कॉलेजातली, वनस्पतिशास्त्र शिकणारी मुलगी. वाळूतल्या झाडाझुडपांचा अभ्यास करायला आलेली. चटपटीत, उन्हानं रापलेली, गुडघ्यांवर कायम वाळू. त्या दिवशी सर्दीमुळे सर घरी राहिले होते आणि भामाबाई एकट्याच फेरीला निघाल्या होत्या. ओवी वेलीपाशी ओणवी होऊन पानं निरखत होती. भामाबाईंना राहवेना.

"ते विस्टफूल हो, बाळ. इंग्रजी नाव आहे. आमच्या ह्यांनी सांगितलं, पहिल्याच वर्षी."

ओवी हसली, वाईट नाही, आपलं सरळ, तरुण हसू. "आजी, विस्टफुल हे फूल नाही काही! तसं म्हणजे… मन कुठेतरी दूर लागलेलं असतं ना, जे मिळालं नाही त्याच्याकडे. हुरहूर लागलेलं माणूस. ते विस्टफुल."

"अगं बाई," भामाबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

त्या घरी आल्या. परसातला माड, माडावरचं ऊन, उन्हातली खार, सगळं जिथल्या तिथे होतं. पण त्यांच्या आतलं एक फूल मात्र हलकेच मिटत गेलं होतं आणि त्याच्या जागी एक तरुण नवरा उभा होता. पाठमोरा, उंच, क्षितिजाकडे डोळे लावलेला. लग्नाला पुरता पंधरवडाही झाला नव्हता तेव्हा. हळद उतरायची होती. आणि त्या माणसाचं मन दूर लागलं होतं! कशाकडे? कुणाकडे? त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. सरांनी पाणी पीत पीत ती संपवली.

भामाबाईंना अर्थाचं दुःख नव्हतं. शब्द चुकला तर चुकला, मेला, कुणाचं काय अडलं! त्यांना एकच ठसठस लागली होती. ह्या माणसाबरोबर मी एवढा जन्म काढला, तो माझ्याबरोबर होता की नुसताच माझ्या शेजारी उभा होता? हे कळल्याशिवाय त्यांना आता घास गोड लागणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरांची सर्दी ओसरली. पुन्हा तीच सावली, निळी, निःशब्द. पुन्हा दूर पाण्यावर ती सुवर्णरेखा, आणि वाळूवर वेलीची फुलं, पहाटेची, पातळ, पारदर्शी. भामाबाई आज न बोलता चालत होत्या. मग थांबल्या.

"अहो."

"हं."

"विस्टफुल म्हणजे काय हो?"

सर उभे राहिले. खोकला यायला हवा होता, तो आला नाही.

"कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगेना! तुम्ही नाही सांगितलंत." भामाबाईंचा आवाज चिरकला. "कोण होती ती?"

"कोणी नव्हती गं."

"खोटं बोलू नका ह्या वयात."

"कोणी नव्हती, भामा. शपथ. तिथे मीच होतो." सरांनी मफलर सैल केला. "मुंबईत एम.ए.ला बसलो होतो. बाबा गेले आणि मला सगळं अर्धवट टाकून घरी यावं लागलं. तिथली वाचनालयं, नाटकं, रात्रंदिवस वाद घालणारे मित्र… आणि त्यांच्यातला एक अच्युत, तो तिथेच राहून गेला होता. त्याची फार आठवण यायची. त्या सकाळी मनात पक्कं केलं होतं मी. हे गाव सोडायचं."

"मला सोडून?"

सर वाळूकडे बघत राहिले. खोटं बोलणं सोपं होतं, पण त्यांना ते जमलं नाही.

"हो," ते म्हणाले. "तुला सोडूनही."

भामाबाईंना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांपूर्वीचं दुःख, पण काल परसात उगवल्यासारखं हिरवंगार. डोळ्यांपुढे समुद्र धूसर झाला, शिडं धूसर झाली. त्यांनी पदर डोळ्यांकडे नेला नाही, दातांत धरला.

सर बोलत होते. थांबत थांबत, वर्गात कधी बोलले नाहीत तसे. "तू फूल पुढे धरलंस. नाही म्हटलं असतं तर अर्थ सांगावा लागला असता. अर्थ सांगितला असता तर तू विचारलं असतंस, कसली हुरहूर? आणि एकदा ते तोंडातून बाहेर पडलं असतं ना, तर मी गेलोच असतो. म्हणून हो म्हणालो. तर तू म्हणतेस, 'किती छान! उद्या दुसरा सांगा.' मग उद्यासाठी शब्द शोधावा लागला. परवासाठी शोधावा लागला. जायची पिशवी भरायची, तर हातात डिक्शनरी! हो म्हणालो, आणि राहिलो."

"नंतर वाटलं कधी? जावंसं?"

"वाटलं की. एकदोनदा. पण दुसऱ्या दिवशीचा शब्द ठरलेला असायचा."

ऊन आता जवळ आलं होतं. होड्या ओलांडून, खडक ओलांडून, फेसाच्या किनारीला सोनेरी काठ लावत ते हळूहळू येत होतं. भामाबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाच्या तळाशी दुसरंच काही हलत होतं.

"आणि मला विचारलंत?" त्या एकदम म्हणाल्या.

"काय?"

"त्या सकाळी माझ्या मनात काय होतं, ते! एवढी मोठी डिक्शनरी घेऊन बसलात जन्मभर. एकदा तरी विचारलंत?"

सर त्यांच्याकडे वळले.

"घाटावरची मी. घराला चारी बाजूंनी ऊस. आईनं दारातून हाक मारली की ती कुठूनही ऐकू यायची. आणि इथं बघते तर समोर नुसतं पाणी, त्याला ना बांध, ना पलीकडे कुणाचं घर. मागे डोंगर, डोंगरापल्याड माझी आई. तुम्ही त्या पाण्याकडे बघत होतात आणि मी डोंगराकडे बघत होते. रडू गळ्याशी आलं होतं. नव्या नवऱ्यासमोर कसं रडायचं? तोंड फिरवायला काहीतरी हवं होतं म्हणून मेलं खाली वाकले, ते फूल तोडलं." त्या थांबल्या. मग शब्दन् शब्द सुटा करत म्हणाल्या, "तुम्ही एकटेच होतात का हो विस्टफुल?"

दोघं पाठीला पाठ लावून उभी होती त्या सकाळी. एकाचं मन सागरापार, एकाचं सह्याद्रीपार. मधे वीतभर वाळू, आणि त्या वाळूत एक चुकीचा शब्द उमलला, आणि त्या चुकीला धरून दोघं राहिली. सरांनी हात पुढे केला. भामाबाईंनी तो लगेच घेतला नाही. जरा वेळ तसाच राहू दिला, तेवढी शिक्षा हवीच होती. मग घेतला.

"चुकलं माझं," सर म्हणाले.

"चुकलंच. आणि गावभर फूल फूल करत हिंडले मी! आता त्या पोरीला काय तोंड दाखवू?" पण बोलता बोलता त्यांना हसू फुटलं आणि हसता हसता डोळे वाहू लागले, दोन्ही एकदम.

"आजचा शब्द राहिला," सर खालच्या आवाजात म्हणाले.

"आज मी सांगणार." भामाबाईंनी नाक पुसलं, मास्तरणीसारखी मान ताठ केली. "म्हणा. हुरहूर."

सर जन्मभर हाच अर्थ खोकल्यात बुडवत आले होते. त्यांचा मोकळा हात सवयीनं तोंडाकडे गेला.

"म्हणा की!"

"हुरहूर," सर म्हणाले.

"पुन्हा."

"हुरहूर."

ऊन पावलांशी पोचलं. दोघं हातात हात धरून, तोंडं समुद्राकडे करून, तो एकच शब्द घोकत राहिली. शाळेच्या पहिल्या दिवशीची पोरं घोकतात तशी, चढत्या सुरात, उतरत्या सुरात. आणि समोर तो अफाट, अनादी, अक्षरशत्रू समुद्र, त्यालाही बहुधा एवढंच येत होतं. हुर, म्हणत लाट आली. हूर, म्हणत गेली.