उपासाची नानकटाई

साहेब, ताट तुम्ही रिकामं केलंत. आता नाही म्हणू नका. मंडपात गाव जमलं होतं, लाउडस्पीकर चालू होता, आणि तोंडात घास असतानाच तुम्ही माइकपुढं आल्यामुळं तुमचं चावणं वेशीपर्यंत ऐकू गेलं होतं. खाल्लंत, वाखाणलंत, आणि मग चूळ भरलीत. तालुक्यात ही गोष्ट 'साहेबांना त्या दिवशी पित्त झालं' अशी सांगतात. पित्त झालं नव्हतं. म्हणून मला सांगावी लागते.

तुम्ही तालुक्याच्या दूध संघाचे चेअरमन. मी मच्छिंद्र. जळकोटच्या हमरस्त्यावरून आत वळल्यावर जे गाव लागतं, तिथल्या बौद्धवाड्यात राहतो. आणि नानकटाई करणारी केशरबाई माझी चुलती.

चुलता गिरणीत बदली कामगार होता तेव्हा काकू सोलापुरात राहिली. चाळीसमोर एका मुसलमान भाईंची भट्टी होती. दिवाळी जवळ आली की बाया घरून पीठ, तूप, साखर घेऊन यायच्या. भाई मळून भाजून द्यायचे आणि बाया पत्र्याचे डबे भरून घरी न्यायच्या. काकूजवळ पीठ नव्हतं आणि तूपही नव्हतं. ती नुसती दारात उभी राहायची.

भाई एकदा म्हणाले, "बहन, रोज क्या देखती?"

"देखती न्हाय," काकू म्हणाली, "शिकती."

गिरणीतलं काम सुटलं, दोघं गावी आली, आणि पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. आम्ही सगळे पाझर तलावाच्या कामावर लागलो. मी खडी फोडायला, काकू माती वाहायला. कामावर सुकडी वाटायचे. सुकडी म्हणजे सरकारनं दिलेलं भाजकं गोड पीठ. पहिल्या आठवड्यात ते गोड लागतं, पुढं सरकारसारखं लागतं.

काम बंद झालं तेव्हा मुकादमानं फुटकी घमेली ढिगात टाकून दिली. काकूनं त्यातली दोन उचलली, एक चांगलं आणि एक भोक पडलेलं. घरी येऊन चांगल्या घमेल्यात ओढ्याची वाळू चाळून भरली. ओढ्यात पाणी नव्हतं, वाळू पाहिजे तेवढी होती. घमेलं चुलीवर ठेवलं, तापल्या वाळूवर जर्मनची ताटली, ताटलीत सुकडी मळून थापलेल्या वड्या. वरून भोकाचं घमेलं पालथं घातलं आणि भोक सोडून त्यावर निखारे पसरले.

चुलता म्हणाला, "ह्ये काय करायलीस?"

"भट्टी."

"अन् घर पेटलं मंजे?"

"पेटलं तर वड्या लवकर व्हतील."

भोकातून वास आला की भाजून झालं, हे तिनं त्याच दिवशी ठरवलं. आजपर्यंत ती वासावरच उतरवते. पहिल्या वड्या खडीसारख्या झाल्या. आम्ही दिवसभर खडीतच असायचो, त्यामुळं दातांना वेगळं वाटलं नाही. पण वास वस्तीभर गेला. ज्यांच्या चुली थंड होत्या ती माणसं काही काम नसताना आमच्या दारात येऊन बसली. कुणी काही मागितलं नाही. काकूनं तुकडे करून वाटले. एक म्हातारी तुकडा हातात धरून नुसता हुंगत बसली. "खा की आत्ते," काकू म्हणाली, तर म्हणाली, "थांब, आदी नाक जेवू दे." त्या वर्षी आमच्या वस्तीत कुणी हसलेलं मला आठवतं ते त्याच दिवशी.

मग तो रिवाज झाला. आमचा विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. पौर्णिमेला तिथं वंदना, त्रिशरण, पंचशील, आणि ते झालं की ज्याला-त्याला काकूची एक-एक नानकटाई. दुष्काळ सरल्यावर गव्हाचं पीठ आलं, डालडा आला. काकू म्हणाली, हिच्यावर आपलं चाक पाहिजे. मी दोऱ्याच्या लाकडी रिळाच्या टोकाला चाकूनं आठ आरे कोरून दिले. चोवीस कोरायला गेलो असतो तर रीळ उरलं नसतं. कच्च्या गोळ्यावर रीळ दाबलं की धम्मचक्र उठतं. काकूचं म्हणणं, बिनचाकाची नानकटाई आतून कच्ची राहते. खरं-खोटं मला ठाऊक नाही, कारण बिनचाकाची तिनं कधी केलीच नाही.

पुढं गावात दूध सोसायटी निघाली. बौद्धवाड्यातल्या म्हशींचं दूधही तिथं जातं. सगळं एका कॅनमध्ये ओततात आणि तो कॅन तुमच्या संघाकडं येतो. कॅनमध्ये गेलेल्या दुधाला कुणी आडनाव विचारत नाही. म्हणून सहकार चालला आहे.

मग बातमी आली की तुमचा संघ आमच्या गावच्या महिला मंडळाला लोखंडी भट्टी देणार, आणि तुम्ही स्वतः येणार. मंडळाच्या अध्यक्षा सुमनबाई, म्हणजे सोसायटीचे आबाराव आहेत त्यांच्या घरच्या. त्या आमच्या दारात आल्या. बसा म्हटलं तर उभ्याच राहिल्या.

"केशरबाई, साहेब मंगळवारी येणार. त्यांचा मंगळवार असतोय, तुळजापूरच्या आईचा उपास. गव्हाचं चालत न्हाय."

"मग राजगिऱ्याची करू."

"व्हती का?"

"सुकडीची झाली, रेशनच्या मिलो जवारीची झाली. राजगिरा त्यापरीस मऊच हाय की."

सुमनबाई जरा घुटमळल्या. "पीठ, तूप, साखर माझ्या घरचं आणते. ताटबी माझंच. तुमी फकस्त..."

"हात लावू?"

"तसं न्हाय वो."

"तसंच हाय. पर आणा."

सुमनबाई हसल्या. वाईट नाहीत त्या. वाईट असत्या तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "भट्टी चालवायला माणूस लागंल. तुमच्याबिगर गावात हे कुणाला येत न्हाय. साहेबांचं खाऊन झालं की म्या तुमचं नाव सांगते. किल्ली तुमच्याच हातात यायला पायजे. अन् त्ये चाक तेवढं..."

"आतून कच्ची राहती."

"एक दिवस वो."

"कच्ची खाऊन साहेबांचं पोट बिघडलं, तर नाव कुणाचं जाईल?"

"माझं."

"मग?"

चाक कायम राहिलं.

त्यानंतर काकू भट्टीबद्दल बोलू लागली. ताटलीत मोजक्याच मावतात, पोरांना दारात ताटकळावं लागतं, भट्टीत सगळ्या वस्तीच्या एकदम होतील. आणि पाव करीन म्हणाली. साहेब, आमच्या गावात पाव कुणी आजारी पडल्याशिवाय येत नाही. डॉक्टरनं दूध-पाव सांगितला की घरातला एक माणूस जळकोटला जातो, आणि बाकीची पोरं आजाऱ्याच्या खाटेभोवती बसून त्याच्या तोंडाकडं बघतात. आजारी न पडता गावाला पाव खाऊ घालायचा, एवढीच बाईची इच्छा होती. तिनं रीळ धुतलं, पुसलं, उन्हात वाळत घातलं. विहारात जाऊन बुद्धापुढं मेणबत्ती लावून आली. मी विचारलं, "काय मागितलंस?" तर म्हणाली, "मागत नसत्यात तिथं, येड्या. सांगून आले."

मंगळवार उजाडला. सुमनबाईंचं पितळी ताट, वर सुमनबाईंचा भरतकामाचा रुमाल. तुम्ही आलात, हार घातले गेले, भट्टीला कुंकू लावलं. मंडपामागं कनातीपलीकडं आम्ही उभे होतो. आम्हाला कुणी तिथं उभं राहा म्हणालं नव्हतं. आमचे पायच तिथं जातात.

आबारावांनी ताट पुढं केलं. तुम्ही म्हणालात, "आज उपास आहे."

"उपासाचीच हाय, साहेब. राजगिरा."

तुम्ही एक घेतलीत. मग दुसरी घेतलीत. मग इकडंतिकडं बघणं सोडून दिलंत. भाषणाची वेळ झाली तेव्हा ताटात भुगा उरला होता आणि एक नानकटाई तुमच्या हातात होती. दुसऱ्या हातात भट्टीच्या कुलपाची किल्ली. माइकवर म्हणालात, "ग्रामीण भागात अशी कला आहे. ह्या नानकटाईवर बघा, किती सुबक फूल काढलंय. ज्या माउलीनं हे केलं, तिच्याच हातात मी ही किल्ली देणार."

टाळ्या पडल्या. सगळ्यांनी सुमनबाईंकडं बघितलं. सुमनबाई उठल्या. त्या नाव सांगायलाच उठल्या होत्या, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मी मानतो. पण त्यांनी आधी पदर सारखा केला, आणि पदर सारखा करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात कनातीमागून काकू बोलली.

"फूल न्हाय साहेब, चाक हाय."

मी तिचा हात धरला. तिनं सोडवला. काकूला किल्लीची घाई नव्हती. रिळानं इतकं जपून दाबलेलं चाक कुणी फूल म्हणावं, एवढंच तिला सहन झालं नाही.

तुम्ही कनातीकडं बघत विचारलंत, "कसलं चाक?"

"धम्माचं."

टाळ्या कुठल्या कुठं गेल्या. लाउडस्पीकर तेवढा घरघरत राहिला. तुम्ही हातातल्या नानकटाईकडं बघितलंत. मग आबारावांकडं. आबाराव भट्टीकडं बघत होते, जणू भट्टीनंच काही केलं. तुम्ही ती नानकटाई ताटात परत ठेवलीत. किल्ली परत ठेवली नाहीत, ती कोटाच्या खिशात गेली. "किल्लीचं संघाच्या मीटिंगमध्ये ठरवू" म्हणालात, भाषण तिथंच आटोपलंत, आणि मंडपामागं येऊन, म्हणजे आमच्याच पुढ्यात, तांब्याभर पाण्यानं चूळ भरलीत. आम्ही तिथं उभे आहोत हे तुम्हाला दिसलं नाही. तुमच्या माणसाला म्हणालात, "उपास मोडला. उद्या परत धरावा लागंल." मग वर सोसायटीचा चहा घेतलात. उपासाला चहा चालतो.

त्या चहातलं दूध कुठलं होतं, साहेब? सकाळच्या कॅनमधलं. त्यात आमच्या चुलत्यानं घातलेलं दूध होतं. ते तुम्ही बशीत ओतून फुंकर मारून प्यायलात.

भट्टी सोसायटीच्या गोदामात गेली. गोदामाच्या खिडकीतून दिसते. तिच्यावर सरकीच्या पेंडीची पोती रचलीत. आत जायला उंदरांना किल्ली लागत नाही. त्यांनी भट्टीत पिल्लं घातलीत, आणि कुठल्या वाड्यातली म्हणून कुणी त्यांची चौकशी केल्याचं ऐकिवात नाही.

मी चार दिवस जेवलो नाही, रागानं. काकू म्हणाली, "तोंड बघ, जळकी नानकटाई झालीय. खाऊन घे. उपाशी माणसाला नीट भांडता येत न्हाय."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतंय की. त्येनं ठेवलेली शेवटची वाया गेली. कुत्र्याला तरी घालायची."

पौर्णिमा आली. ती वाळू चाळायला बसली. मी म्हणालो, कशाला? ती म्हणाली, "पोरं येतील." पोरं आली. भोकातून वास आला. मी रागात होतो, तरी माझं नाक गेलंच. तिनं पहिली माझ्या हातावर टाकली, हात भाजला, मी ओरडलो, आणि सगळी वस्ती हसली. मीही. ह्याचा मला अजून थोडा राग आहे.

आणि आता जे सांगतो ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. पुढच्या एका मंगळवारी सुमनबाई आल्या. पदराखाली राजगिऱ्याचं पीठ आणि तूप. ह्या वेळी उभ्या राहिल्या नाहीत. चुलीजवळ बसल्या, धुरानं डोळे चोळत. काकूनं भोकाचं घमेलं उचललं, तशी सुमनबाईंनी हात घालून ताटलीतली एक उचलली. रस्त्यावरून आबारावांचा गडी चालला होता, त्याला दिसेल अशी खाल्ली.

काकू म्हणाली, "सुमनबाई, आज मंगळवार हाय."

"ठाव हाय. म्या लगीन झाल्यापून मंगळवार धरते."

"मग मोडला की."

सुमनबाईंनी चावून गिळलं, बोटाला लागलेला भुगा चाटला. "न्हाय मोडला," म्हणाल्या. "अजून एक द्या."

आता बोला, साहेब. तीच देवी, तोच वार. पीठ सुमनबाईंच्या घरचं, तूप सुमनबाईंच्या घरचं. तीच वाळू, तीच घमेली, तेच चाक, तेच दोन हात. सुमनबाईंचा उपास मोडला नाही आणि तुमचा मोडला. राजगिऱ्यानं मोडला म्हणावं, तर राजगिरा उपासाचा. तुपानं म्हणावं, तर तूप उपासाचं. आमच्या वाड्यातल्या दुधानं मोडत असेल तर तुमचा उपास रोज सकाळी संघातच मोडतो, आणि तुम्ही त्याचेच चेअरमन आहात.

संघाच्या किती मीटिंगा झाल्या तेव्हापासून. किल्लीचा विषय अजून निघालेला नाही. किल्ली तुमच्या खिशात आहे आणि काकूचं रीळ खुंटीला टांगलेलं आहे. ह्या गावाला आजारी न पडता पाव खायचा आहे.

तुमचा उपास कशानं मोडला? मंडपातल्या त्याच माइकवर या आणि सांगा. चाकानं मोडला असेल तर तसं म्हणा, हातानं मोडला असेल तर तसं म्हणा. म्हणता येत नसेल, तर किल्ली कुणाच्या हातात देता, ते सांगा.