सारखे तुकडे

आमच्या घरात कोंबडीच्या दोन्ही तंगड्या पुरुषांच्या. काळीज सासऱ्यांचं. बायकांना मान, पाठ आणि पाणी ओतून वाढवलेला रस्सा. लग्नाला सोळा वर्षं झाली. राग येत नव्हता असं नाही, पण गिळत आले.

यंदा शाळेत डॉक्टर आले. नववीतल्या माझ्या मुक्ताच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या आणि म्हणाले, पोरीच्या अंगात रक्त नाही, हिच्या पोटात कोंबडी-अंडी जाऊ द्या. रक्त राहील कसं? उदगीरला नळ कोरडे. टँकर आला की पोरगी तासन्‌तास रांगेत उभी राहायची, बारा-बारा घागरी वाहायची. आणि घरचे पुरुष? सासरे अण्णाराव आणि माझा नवरा श्रीमंत आंदोलनाच्या मांडवात बसून उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून ओरडायचे. होऊ दे की जिल्हा, मी कुठं आडवी आले? पण घागर उचलायला जिल्हा व्हावा लागत नाही.

रविवारी श्रीमंतनं कोंबडी आणली. म्हणाला, "रस्सा झणझणीत कर."

"पाणी कुठंय रश्श्याला?" मी म्हणाले. तो तोवर चप्पल घालून मांडवाकडे निघालाही होता.

मुक्तानं मैत्रिणीकडून एक कृती लिहून आणली होती. गोडसर-तिखट, भाज्या घालून परतलेली, पाणी जवळजवळ लागतच नाही. मी सगळं मांस हाडावरून सोडवलं आणि बोटाच्या पेराएवढे सारखे तुकडे केले. आता कुठली तंगडी नि कुठली पाठ, कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. या विचारानंच मला निम्मं जेवल्यासारखं झालं.

घरातल्या गॅसवर आमच्याकडे कोंबडी चढत नाही, म्हणून अंगणातली चूल पेटवली. लोखंडी कढईत तेल कडकडीत तापवून आलं-लसूण लावलेले तुकडे परतले, बाजूला काढले. मग पत्ताकोबी, गाजर, सिमला मिरची भराभर हलवली. करकरीत राहायला हवी होती. शेवटी चायनीजच्या गाड्यावरून आणलेला सोयासॉस, गूळ, लाल तिखट, आणि तुकडे परत आत. गूळ चकाकत सगळ्याला चिकटला.

भांडी एकदाच घासण्यापुरतं पाणी होतं, म्हणून सगळ्यांना बरोबरच बसवलं. एरवी आम्ही मागून जेवतो. वाढायचा मान मात्र सासूचा. केवळाबाईंनी उलथनं हातात घेतलं.

"तंगडी कुठं हाय?" श्रीमंतनं विचारलं.

"त्यातच हाय," मी म्हणाले.

सासूबाईंच्या हाताला सवय होती. उलथन्यानं कोबी बाजूला सारत त्यांनी एकेक तुकडा वेचला आणि दोन ताटं भरली. मुक्ताच्या ताटात सिमला मिरची आणि गाजर पडलं. स्वतःच्याही ताटात त्यांनी तेच घेतलं. कढईत बघितलं तर नुसती भाजी उरलेली.

"मम्मी, राहू दे," मुक्ता हळूच म्हणाली. चौदा वर्षांच्या पोरीला राहू द्यायची सवय लागली होती. ते ऐकून माझं डोकंच फिरलं.

मी श्रीमंतच्या ताटात हात घातला आणि मूठभर तुकडे उचलून तिच्या ताटात टाकले.

"उष्टं हाय ते, सिंधु," तो म्हणाला.

"सोळा वर्षं तुमच्या उष्ट्या ताटात जेवत आले मी. तवा न्हाई दिसलं उष्टं?"

सासरे खाकरले. "बाईमाणसानं ताटात हात घालायचा? लई झालं हां आता."

"खा," मी मुक्ताला म्हणाले. तिनं आजीकडे पाहिलं. केवळाबाई आपल्या ताटातलं गाजर इकडून तिकडे सरकवत होत्या. कुणीच जेवत नव्हतं.

"सिंधु," त्या मान वर न करता म्हणाल्या, "मला बी दोन टाक."

मी सासऱ्यांच्या ताटाकडे वळले.