छावणीच्या चित्राची डावी कड

पाणीपुरवठा कार्यालयात पस्तीस वर्षं नळांचे मीटर तपासून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना अख्खी गल्ली ‘सेनापती’ म्हणायची. बंदूक त्यांनी जन्मात हातात धरली नव्हती. पण त्यांच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या वर, जलरंगातलं एक जुनं चित्र होतं. लष्कराची छावणी. पांढरे तंबू, चुलींच्या धुराच्या दोन रेघा आणि मधोमध घोड्यावर ताठ बसलेला झुपकेदार मिशांचा माणूस. तो माणूस म्हणजे आपले पणजोबा, असं सेनापती आल्यागेल्याला सांगायचे. पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तर शिडीवर उभं राहून सगळं ऐकावं लागलं होतं.

चित्राच्या कोपऱ्यात पणजोबांचीच सही होती. घोड्यावर बसल्या बसल्या त्यांनी स्वतःचं चित्र कसं काढलं, हा प्रश्न सुनेने लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात विचारला होता.

“आठवणीने,” सेनापती म्हणाले होते, आणि विषय संपला होता.

यंदा माजी सैनिकांच्या संघटनेने नवं सभागृह बांधलं. उद्घाटनाला ते चित्र मांडायचं आणि सेनापतींनी घराण्याच्या पराक्रमावर दहा मिनिटं बोलायचं, असं ठरलं. सेनापतींनी चाळीस मिनिटांचं भाषण लिहून काढलं. पण छावणीवरच्या आभाळात तपकिरी डाग पडले होते, म्हणून सून चित्र घेऊन जुने कागद दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे गेली. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. “सासऱ्यांना घेऊन या. काहीतरी निघालंय.”

खिडकीजवळच्या टेबलावर टीपकागदावर चित्र उघडं पडलं होतं. भोवतीची पुठ्ठ्याची चौकट बाईंनी पातळ सुरीने सोडवून बाजूला ठेवली होती. त्या चौकटीखाली चित्राची डावी कड, दोन बोटं रुंद, इतकी वर्षं झाकलेली होती. तिथे उजेडच पोचला नव्हता, त्यामुळे रंग कालच दिल्यासारखे ताजे होते. आणि त्या ताज्या रंगांत एक माणूस झुडपाकडे धूम पळत होता. एका हातात पत्र्याचा डबा, दुसऱ्या हातात विजारीची नाडी.

“हा कोण?” सेनापतींनी विचारलं.

“खाली पेन्सिलीने लिहिलंय.”

सुनेने वाकून वाचलं. “‘मी. पोट बिघडलं आहे. आज तिसरा दिवस.’” पुढे तिला अचानक खोकला आला.

बाईंनी चित्र अलगद उलटं केलं. मागे त्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘घोड्यावर चाऱ्याचा कंत्राटदार. घोडा उसना, मिशा माझ्या पदरच्या. शत्रू अजून दिसलेला नाही.’

सेनापती खुर्चीत बसले. “अक्षर बनावट असेल.”

“असेल,” बाई म्हणाल्या. “पण स्वतःचं पोट बिघडल्याचं खोटं कोण लिहून ठेवील?”

“ते काही नाही. होती तशी चौकट लावा.”

“तो पुठ्ठा जुना होऊन त्यात आम्ल तयार झालंय. त्यानेच डाग पडलेत. पुन्हा लावला तर दहा वर्षांत चित्राची वाट लागेल.”

सेनापतींनी मनाशी हिशेब केला. “दहा वर्षं मला पुरतील,” ते म्हणाले.

बाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने ‘बरं बाबा’ म्हटलं आणि चांगल्या पुठ्ठ्याची, चित्राची एकही कड न झाकणारी चौकट करायला सांगितली. चित्र बांधलेल्या स्थितीत थेट सभागृहातच पोचवलं.

उद्घाटनाच्या दिवशी सेनापती माइकसमोर उभे राहिले. “माझे पणजोबा,” त्यांनी सुरुवात केली, आणि मागे पडदा सरकला. पहिल्या रांगेत खसखस पिकली. सेनापतींनी वळून पाहिलं. तोंडचं पाणी पळालं. सून कोपऱ्यात अंग चोरून उभी होती.

तेवढ्यात संघटनेतले सगळ्यात म्हातारे हवालदार काठी टेकत चित्राजवळ गेले. नाक काचेला लागेपर्यंत वाकले.

“हा चित्रकार छावणीत राहिलेला आहे,” ते म्हणाले. “घोडे आणि निशाणं सगळेच काढतात. पण तळ पडला की आम्ही आधी काय शोधायचो, ते यानेच दाखवलंय. कोण हा?”

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून चित्राकडे जाऊ लागले. घोड्यावरच्या कंत्राटदाराकडे कुणी ढुंकूनही बघेना. सेनापतींनी घसा साफ केला. भाषणाचे कागद त्यांनी खिशात कोंबले.

“हेच माझे पणजोबा!” ते गरजले. “चित्रही त्यांचंच. आणि ते जे धावताहेत ना, ते जीव मुठीत धरून तातडीचा निरोप पोचवायला!”

हवालदारांनी डब्याकडे पाहिलं, नाडीकडे पाहिलं.

“तातडीचा होता, यात वाद नाही,” ते म्हणाले.