उठवबाबाचा कानमंत्र

बाई गेली होती. निदान चौकात जमलेल्यांनी तरी तसा निकाल लावून टाकला होता. अंग घामानं थबथबलेलं, नजर हरवलेली, हाक मारली तर ओ नाही. उठवबाबानं तिच्या गालाच्या आत आपल्या बाटलीतल्या अमृतात बुडवलेलं बोट फिरवलं, मग घोट घोट पाजलं. थोड्या वेळानं बाई उठून बसली आणि म्हणाली, "अगं बाई, माझी चप्पल कुठं गेली?"

गर्दीनं एकच गलका केला. बाईचा मुलगा, गावातला गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री, बाबाच्या पायांवर आडवा झाला. त्या दिवसापासून तो बाबाचा.

"गाडीला डिझेल लागतं, डॉक्टरला डिग्री लागते, आपल्याला फक्त भाव लागतो!" बाबा लाउडस्पीकरवरून गरजायचा. "वरच्याशी आपली डायरेक्ट लाइन! मध्ये कुणी उचलत नाही, कुणी 'थांबा' म्हणत नाही!"

गावातली वीज सारखी जायची आणि लाउडस्पीकर मुका व्हायचा. म्हणून मिस्त्रीनं गावाच्या रुग्णवाहिकेची बॅटरी काढून बाबाच्या चौथऱ्याखाली जोडून दिली. कुणी एका शब्दानं हटकलं नाही. गाडी बोलवतंच कोण होतं? बाबा हाकेवर असताना हाडं खिळखिळी करत घाटापलीकडच्या इस्पितळात जायचं कशाला? ड्रायव्हर दुपारी स्ट्रेचरवर घोरायचा.

उठवण्याआधी बाबा नातेवाइकाच्या कानात काहीतरी कुजबुजायचा. त्याला गाव कानमंत्र म्हणायचं. तो बाहेर फोडला तर उठलेला माणूस पुन्हा पडेल, अशी ताकीद होती. कधीकधी कुजबुज झाल्यावर बाबा मान हलवायचा, "याला वरून बोलावणं आलंय, घरी न्या." लोक घरी न्यायचे. माणूस मरायचा. बाबाचं म्हणणं खरं ठरायचं.

मिस्त्रीचे वडील शिंपी. त्यांचा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. कात्री चालवता चालवता म्हणायचे, "मी पडलो तर त्या सोंगाड्याकडे नेऊ नकोस. उठून पहिली तुझ्याच थोबाडीत देईन."

"अण्णा, असं बोलू नका. आई उठली ना?"

"तिला कुणीही उठवेल. मीच रोज उठवतो."

ते पडले ते भर दुपारी, मशीनवरच. तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबायला लागला, शब्दाचा नुसता लगदा. मिस्त्रीनं त्यांना उचललं आणि थेट चौथऱ्यावर नेलं. तिथं आरोग्य खात्याचे बडे साहेब शहरातून आले होते. रुग्णवाहिका परत न्यायची होती त्यांना. बाबाला हार घालून ते माइकवर सांगत होते, "असं गाव शोधून सापडणार नाही! आपल्याला गाडीची गरजच काय?" आणि गाव टाळ्या पिटत होतं.

बाबा मिस्त्रीच्या कानाशी वाकला. मिस्त्रीनं मान हलवली, नाही. बाबाचा चेहरा पडला. एरवी त्यानं घरी न्यायला सांगितलं असतं. पण समोर साहेब आणि साहेबांचा फोटोवाला. त्यानं अमृत ओतलं.

अण्णांना गिळता येत नव्हतं. ठसका लागला, श्वास घुसमटला, ओठ निळे पडले. गावच्या छोट्या दवाखान्यातली सिस्टर गर्दीत कोपरं मारत वर आली, तिनं अण्णांना कुशीवर वळवलं, तोंडातलं पाणी बाहेर काढलं.

"लकवा आहे हा! गाडी काढा!"

ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. आवाजसुद्धा नाही.

"बॅटरी कुठंय?" सिस्टर ओरडली.

 माइकवर बाबाचं सुरूच होतं, "भाव कमी पडला! मुलाच्या मनात शंका आ..." तेवढ्यात मिस्त्रीनं चौथऱ्याखाली शिरून तारा ओढल्या. बॅटरी गाडीत बसवून घाट ओलांडेपर्यंत अंधार पडला.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे आमच्याकडे. पण त्याची वेळ गेली."

बाहेरच्या बाकावर सिस्टरनं विचारलं, "कानात काय विचारलं त्यानं?"

 मिस्त्रीनं सगळं सांगून टाकलं.  सिस्टरनं पिशवीतून बाबाच्या अमृताची बाटली काढली, तिथूनच उचललेली. "चाख."

गोड होतं. पाकासारखं गोड.

गावात आल्यावर मिस्त्री चौथऱ्यावर चढला. माइक नव्हता, बॅटरी आता गाडीत होती.

"बाबानं माझ्या कानात विचारलं होतं, 'शुगरची गोळी घेते का? गोळी घेऊन उपाशी राहिली का?' आई तशीच राहिली होती. अण्णांच्या वेळीही तेच विचारलं. अण्णांना शुगर नाही."

 मागून एक म्हातारी पुटपुटली, "मलापण हेच विचारलं होतं, माझ्या मालकांच्या वेळी." दुसरा म्हणाला, "मलापण." तिसरी नुसती रडायला लागली. तिच्या धाकट्या दिराला बाबानं घरी पाठवलं होतं.

"गोळी घेऊन पोटात अन्न नसलं की रक्तातली साखर उतरते, माणूस पडतो," सिस्टर म्हणाली. "साखर पोटात गेली की उठतो. ज्यांना ते दुखणं नाही, त्यांना तो मरायला घरी पाठवायचा."

बाबा तोवर पसार झाला होता. साहेबांच्या गाडीतून गेला, असं म्हणतात. पटण्यासारखं आहे.

"पण तुझी आई तर उठली ना रे?" कुणीतरी चिवटपणे विचारलंच.

"साखरेनं उठली! साखर तुमच्या घरोघरी आहे. गाडी सगळ्यांत मिळून एकच होती, आणि ती मी मारली. तुम्ही टाळ्या वाजवल्या."

लोकहो, कानात सांगितलेल्या गोष्टी एकदा चौकात मोठ्यानं बोलून बघा. निम्मे बाबा तिथंच संपतील. आणि 'तुम्हाला गाडीची गरज काय' म्हणणाऱ्या साहेबाला विचारा, तुमच्या घरचं माणूस पडलं तर कुठं नेता?

अण्णा आता खाटेवर असतात. मिस्त्री रोज त्यांच्या उशाशी बसून गाल पुढं करतो. "मारा अण्णा, कबूल केलं होतंत." अण्णा त्याच्याकडे बघत राहतात. उजवा हात उठत नाही.