कंगव्याचं कडवं

"पुढच्या रांगेत नको, एडना. तिथं साहित्यिक मंडळी बसतात," विनीनं माझी बाही ओढली.

"मग तू कोण आहेस? भाजीवाली?"

लीड्समधल्या त्या पुस्तकांच्या दुकानात, प्रकाशन समारंभाला, आम्ही दोघी बहिणी पाचव्या रांगेत बसलो. हातात कोमट शेरी, मांडीवर ओला रेनकोट. समोर पुस्तकांचा ढीग. मुखपृष्ठावर एका मेलेल्या हंगेरियन कवीचं नाव आणि खाली अनुवादक म्हणून ज्युलियन थ्रॉस्बी. या गृहस्थांना हंगेरियनमध्ये पाणीसुद्धा मागता येत नाही!

शिकली ती विनी. तिच्या दोन कादंबऱ्या कोणी वाचल्या नाहीत. तिच्या कवितांचं पुस्तक वाचनालयातून मीच पुन्हापुन्हा घरी आणायची. छप्पन सालच्या उठावानंतर हंगेरीतून पळून आलेल्या निर्वासितांना इंग्रजी शिकवता शिकवता तिनं त्यांची भाषा उचलली आणि अकरा वर्षं त्या कवीच्या ओळीओळीशी झटली. प्रकाशक म्हणाला, "मजकूर कच्चा आहे, नावाजलेल्या कवीचा हात फिरायला हवा." आमच्याकडची रीतच ती. थ्रॉस्बीचा हात फिरला म्हणजे पानामागे चार शब्द बदलले. आयत्या बिळावर नागोबा! तरी विनीला आशा होती, आत कुठेतरी आपलं नाव असेल. आल्या आल्या तिनं पानन्‌पान चाळलं. नव्हतं.

थ्रॉस्बी वाचू लागला. शेवटच्या कवितेला विनीनं माझा हात घट्ट धरला.

"या चार ओळी माझ्या आहेत."

"सगळंच तुझं आहे, बाई!"

"तसं नव्हे गं. मूळ पान फाटलेलं होतं. जागा धरायला मी माझ्या ओळी घातल्या, आणि खूण करायची राहूनच गेली."

आई गेल्यावर तिच्या कंगव्यात राहिलेल्या केसांवरच्या ओळी होत्या त्या. आमच्याच आईच्या.

मागून एक म्हातारा हंगेरियन उठला. "साहेब, ही कविता मला तोंडपाठ आहे. कंगव्याचं कडवं तिच्यात नाही. कोणी लिहिलं हे?"

विनी पांढरीफटक पडली. अनुवादकानं पदरचं घालणं म्हणजे लबाडी, असं ती जन्मभर सांगत आली होती. तरी ती खुर्चीला धरून उठू लागली.

"मी लिहिलं," थ्रॉस्बी हसून म्हणाला. "कवीनं एवढी मोकळीक घ्यायचीच असते."

"मूळ कवितेपेक्षा सरस आहे हो," म्हातारा डोळे पुसत म्हणाला. टाळ्या पडल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "विनी, ऊठ! सांग त्या चोराला!"

"काय सांगू? मी आधी फसवलं म्हणून? आणि ऐकणार कोण माझं?" ती खाली बसली.

मग सह्यांसाठी रांग लागली. घर जळत असलं तरी आमची माणसं रांग मोडायची नाहीत. विनीही पुस्तक घेऊन मुकाट्यानं उभी राहिली. तिची पत्रं प्रकाशकाकडेच जायची, त्यामुळे थ्रॉस्बीनं तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

"कोणाच्या नावानं लिहू, बाईसाहेब?"

"नाव नको." तिनं शेवटची कविता उघडली आणि कंगव्याच्या कडव्याखाली बोट ठेवलं. "इथं. हे तुम्हीच लिहिलंत ना? नुसती सही करा."

त्यानं झोकात सही ठोकली. विनी "आभारी आहे" म्हणाली, आणि शाई वाळेपर्यंत पान उघडं धरून बाजूला उभी राहिली.