पटत नाही म्हणून

ज्युलीचं आणि तिच्या सासूचं, आग्नेसबाईंचं, कधी पटलं नाही. वसईतल्या गिरीज गावच्या सगळ्या आळीला ते माहीत होतं. रविवारी चर्चमध्ये मिस्साला दोघी एकाच घरातून निघत आणि रस्त्याच्या दोन कडांनी चालत. आग्नेसबाईंचे हात केळीच्या बागेत आणि जीभ सुनेच्या स्वयंपाकात, असा दहा वर्षांचा संसार होता.

तरी ज्युलीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा पुढे आली ती हीच बाई. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा मुंबई गाठता गाठता ज्युली अर्धी झाली होती. जवळपास कुठे मशीनवर नंबर लागत नव्हता, आणि एखादी खेप चुकली की तिला धाप लागायची. नवरा लुईसचा रक्तगट जुळेना. माहेरी कुणाला साखर, तर कुणाला ब्लडप्रेशर. आग्नेसबाईंनी कुणाला न विचारता तपासण्या करून घेतल्या आणि घरी येऊन सांगितलं, "माझी जुळते. आता रडनं बंद कर नि भात टाक."

पण मधे कायदा आला. तेव्हा, म्हणजे २००१ साली, जवळचे नातेवाईक म्हणून कायदा आईबाप, भावंडं, मुलं आणि नवरा-बायको एवढ्यांनाच ओळखत होता. सासू त्यात बसत नव्हती. कायदा करणाऱ्यांनाही सासवा असणारच, त्यांना तरी दोष काय द्यायचा! आता अशा दानाला परवानगी देणाऱ्या सरकारी समितीपुढे पटवून द्यायचं होतं की हे दान मायेपोटीच आहे, यात व्यवहार नाही की जबरदस्ती नाही. परवानगी नाकारली, तर ज्युलीला दुसरा दाता नव्हता.

लुईस वालीवच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्याने दोघींकडून पाठच करून घेतलं: विचारलं तर सांगायचं, आमचं मायलेकींसारखं आहे.

समितीने एकेकीला आत बोलावलं. "सासूबाई मला आईच्या जागी आहेत, आमच्यात कधी शब्दाने शब्द वाढला नाही," ज्युलीने घडाघडा म्हणून टाकलं. मग आग्नेसबाई आत गेल्या, आणि थोड्या वेळाने ज्युलीला परत बोलावणं आलं.

"तुम्ही म्हणता कधी भांडण नाही," अध्यक्ष म्हणाले. "या म्हणतात, तुमचं मुळीच पटत नाही. खरं काय?"

संपलं सगळं, ज्युलीला वाटलं. या बाईला एका दिवसापुरतंही गोड बोलता येऊ नये!

"ती खोटं बोलली, साहेब," आग्नेसबाईंनीच उत्तर दिलं. "माझ्या पोराने शिकवलं तसं. पटत नाय आमचं. तिचं कालवन मला चालत नाय, माझं बोलनं तिला चालत नाय."

"मग मुलाने दबाव आणलाय का?"

"तो? तो माझ्यावर दबाव आननार?"

"पटत नाही, दबाव नाही, मग किडनी का देताय?"

आग्नेसबाईंनी अध्यक्षांकडे असं पाहिलं, जणू त्यांचीच तब्येत बरी नसावी.

"पटत नाय म्हनून काय मरू द्यायची? घरची हाय ती."

ज्युली हुंदके देऊन रडायला लागली. "रडते काय गो," सासू खेकसली, "परत धाप लागंल!" अध्यक्षांनी ज्युलीला बसायला खुर्ची दिली. ऑपरेशनचा धोका समजलाय ना, एवढंच त्यांनी आग्नेसबाईंना विचारलं. परवानगी त्याच आठवड्यात आली.

ऑपरेशननंतर ज्युली नीट शुद्धीवर आली तेव्हा नर्स तोंडावर हात ठेवून हसत होती.

"तुमच्या सासूबाईंनी डोळे उघडल्यापासून आमचा जीव खाल्लाय. एकच प्रश्न विचारतायत."

"काय?"

"'मुतली का ती?'"

गेलं वर्षभर ज्युलीला थेंबभर लघवी होत नव्हती. तिने मान वळवून पलंगाला लावलेल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवी भरत आली होती. तिला हसू फुटलं, टाके ओढले गेले आणि डोळे वाहायला लागले. असलं माणूस आपल्या वाट्याला आलं, याचा तिला केवढा तरी अभिमान वाटला.

"सांगा त्यांना, भरपूर," ती म्हणाली. "आणि म्हणावं, असलं चारचौघांत ओरडून विचारू नका."